देवीचं रूप आणि मुरूडची सहल

पोलीस खात्यातली माझी बरीच वर्षं रायगड जिल्ह्यात गेली. किती पंचनामे केले, किती जबाब घेतले, आता सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. एक प्रकरण मात्र अजून वेगळं उभं आहे. ते आठवलं की आधी गुन्हा आठवत नाही, मुरूडच्या किनाऱ्यावर धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून लाटांकडे बघत उभा राहिलेला एक म्हातारा आठवतो. त्याला ताब्यात घ्यायच्या तयारीने मी तिथे गेलो होतो.

तेव्हा मी पोलादपूरला प्रभारी अधिकारी होतो. थंडीचे दिवस होते. भात झोडून झालं होतं आणि वाड्या शांत होत्या. एके सकाळी हजेरी चालू असतानाच कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीचे पोलीस पाटील आणि तिथल्या देवळाचे मानकरी ठाण्यात आले. मानकरी पन्नाशीचे होते, बोलायला नीटनेटके. पण त्या दिवशी समोर ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हातही लावला नाही.

"साहेब, आमच्या देवीचं रूप चोरीला गेलं."

रूप म्हणजे देवीचा चांदीचा मुखवटा. शिमग्याला तो पालखीत बसवतात, एरवी तो गाभाऱ्यातल्या लोखंडी पेटीत असतो. चांदीची किंमत बाजारात काय ती होईल, पण वाडीच्या लेखी ती साक्षात देवी. शिमगा दोन महिन्यांवर आला होता आणि पालखी रिकामी नाचवायची कशी, हा प्रश्न सगळ्या वाडीपुढे होता.

आम्ही जाऊन घटनास्थळाचा पंचनामा केला. पेटीचं कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. आत नुसतं लाल फडकं. देवीपुढे पितळी समयांची जोडी होती, त्यातली एक झळझळीत आणि दुसरी काळवंडलेली. पंचनाम्यात मी 'पितळी समया दोन' एवढं लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

"किल्ली कोणाकडे असते?" मी विचारलं.

मानकऱ्यांनी मान खाली घातली. "आमच्यातल्या एका बाबांकडं. त्यांच्या घराण्याचा मान आहे. पण ते गावात नाहीत. परवा मुरूडला गेलेत. सहलीला."

जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "महाडाच्या पलीकडं कधी गेला नाय तो, आन् आत्ताच त्याला समुद्र आठवला."

हे बाबा सत्तरीचे, चार खाचरांचे शेतकरी. मुलगी मुंबईत रुग्णालयात परिचारिका. तीच नवऱ्याला आणि लहान मुलीला घेऊन वाडीत आली होती आणि आईवडिलांना गाडीत बसवून मुरूडला घेऊन गेली होती.

दुपारी ठाण्यात फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही. "रूप म्हाताऱ्यानं नेलंय. लेक तिकडंच कुठंतरी विकणार हाय. लवकर गाठा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

ठाण्यात कोणालाच शंका उरली नाही. कुलूप शाबूत, किल्ली बाबांकडे, बाबा गावाबाहेर आणि वर ही खबर. माझंही मत तेच झालं. फोनवर चौकशी केली असती तर माणूस सावध झाला असता, म्हणून स्वतः जायचं ठरवलं आणि जीप काढायला सांगितली. तेव्हा आमच्या महिला हवालदार मध्ये बोलल्या. त्या महाडकडच्या तुडील गावच्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की ऐकावं असं बोलायच्या.

"साहेब, जीप नको. वर्दीपण नको. त्यांनी केलं असेल तर कुठे पळून जाणार आहेत? आणि केलं नसेल तर जावयासमोर, नातीसमोर पोलिसांनी धरलं, हे त्यांच्या मनातून मरेपर्यंत जाणार नाही."

मी त्यांचं ऐकलं. त्याबद्दल आजही त्यांचे आभार मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खासगी गाडीने आम्ही दोघं साध्या कपड्यांत निघालो. म्हसळ्यावरून दिघी गाठली, गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे आगरदांड्याला उतरलो. मुरूडच्या पोलीस ठाण्यात रीतसर नोंद केली. हे कुटुंब कोणाच्या घरगुती खोलीत उतरलंय ते तिथल्या बीट अंमलदाराने लगेच शोधून दिलं. घरमालकीण म्हणाली, "ते किनाऱ्यावर असतील. आजोबा पाण्यावरून हलतच नाहीत."

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली चादर अंथरली होती. मुलगी आणि जावई बसले होते, नात वाळूत खेळत होती. म्हातारी डब्यातून तांदळाच्या भाकऱ्या काढत होती. बाबा पाण्यात उभे होते. लाट पायावरून मागे सरकली की ते खाली बघायचे आणि एकटेच हसायचे. चोरीचा माल बाळगणारी माणसं मी खूप पाहिलीत. ती सतत आजूबाजूला बघतात. या माणसाने आम्ही जवळ जाईपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मुलीला बाजूला घेऊन मी ओळख सांगितली. ती पांढरी पडली, पण शहाणी होती. म्हणाली, "विचारा काय ते. पण बाबांना आधी बसू दे. त्यांना दम लागतो." नवऱ्याला तिने मुलीला घेऊन फिरून यायला सांगितलं.

बाबा येऊन बसले. आम्ही तिच्या ओळखीचे कोणीतरी असू असं समजून म्हणाले, "काल जंजिरा बगितला, साहेब. म्हाराजांना नाय मिळाला तो किल्ला. मला लेकीनं शिडाच्या होडीतनं नेऊन दाखवला."

मग मी त्यांना देवीचं रूप गेल्याचं सांगितलं. चोरी करणारा माणूस ही बातमी ऐकून दचकतो किंवा नको इतकं आश्चर्य दाखवतो. बाबांनी दोन्ही हात जोडले आणि वाडीच्या दिशेला, म्हणजे डोंगरांकडे तोंड करून बसले.

"किल्ली कुठं आहे, बाबा?"

"माझ्याकडंच हाय."

"दाखवा."

त्यांनी कमरेला हात लावला आणि तसाच काढून घेतला. "खोलीवर ऱ्हायली असंल."

ते खोटं बोलत होते, हे कोणालाही कळलं असतं. मी आवाज चढवणार होतो, पण त्याआधी म्हातारी बोलली. तिने हातातली भाकरी डब्यावर ठेवली.

"खोटं कशाला बोलताव? घरातनं निघताना दिलीत ना किल्ली. मी उंबऱ्यात उभी व्हते."

"कोणाला दिली?" मी विचारलं.

म्हातारीनेच मानकऱ्यांचं नाव घेतलं.

आता बाबांनाही बोलणं भाग होतं. "साहेब, किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाय असा आमचा रिवाज. पण मी म्हनलं, मागं काय झालं, आग लागली, कायबी, तर पेटी उघडायला कोन तरी पायजे. तो मानकरी, देवीचा माणूस. त्यानं चोरी केली नाय. त्याच्यावर संशय घेऊ नका. किल्ली दिली हा दोष माझा."

मानकऱ्यांनी जबाबात किल्ली बाबांकडेच असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे फिर्यादीच खोटं बोलला होता. पण का? चोरी करणारा माणूस स्वतः ठाण्यात धावत येऊन फिर्याद देत नाही. मी विचार करत होतो आणि म्हातारी पुटपुटत होती, "दिवा तरी लावला असंल का गो कोनी? समया घासायच्या ऱ्हायल्या माझ्याकडनं."

"समया तुम्ही घासता?"

"मीच घासते. जाताना दोनीपन काळ्या व्हत्या. आल्यावर घासीन म्हनलं."

मी हवालदार बाईंकडे पाहिलं. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. घरची बाई समया घासायला बसली तर दोन्ही घासते. एकच घासून ठेवतो तो नमुना दाखवणारा. पितळ, चांदी उजळून देतो म्हणत गावोगाव फिरणारे भामटे असेच सुरुवात करतात. आधी फुकटात एखादं भांडं चकचकीत करून दाखवतात, मग किमती वस्तू मागतात.

मी ठाण्यात फोन करून मानकऱ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. महाड, माणगाव, पोलादपूरच्या सराफांना आदल्या दिवशीच कळवलं होतं, त्यांना पुन्हा आठवण करून द्यायला सांगितलं.

बाबा उठून उभे राहिले. "मी येतो तुमच्यासंगं. देवी घराबाहेर गेली आन् मी हितं वाळूत बसू?"

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही आत्ता वाडीत दिसलात तर तो माणूस गडबडेल. मला मदत करायची असेल तर ठरलं होतं तितके दिवस इथंच राहा."

त्यात थोडं खरं होतं. बाकी त्यांची सहल मोडू नये एवढंच होतं. म्हातारीने आम्हा दोघांना भाकरी आणि सुकट खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. ज्यांच्यावर संशय घेऊन आलो त्यांच्याच चादरीवर बसून जेवलो. नोकरीत असं जेवण परत कधी मिळालं नाही.

परतल्यावर मानकऱ्यांना ठाण्यात बोलावलं. चहा दिला. रागावलो नाही. लाजेने गप्प बसलेल्या माणसावर ओरडलं तर तो आणखी मिटतो. मी फक्त विचारलं, "दोन समयांतली एकच कशी हो घासली गेली?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते रडायला लागले.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून दोघे जण वाडीत आले होते. त्यांनी समई उजळून दाखवली. मानकऱ्यांना वाटलं, शिमग्याआधी रूप लख्ख करून घ्यावं, गाव खूश होईल. किल्ली हातात होतीच. त्या दोघांनी डब्यात हळदीचं पाणी आणि पावडर घातली, त्यांच्यादेखत रूप आत ठेवून डबा चुलीवर तापवला, सरपण आणायला त्यांना बाहेर पाठवून मागे झाकण फडक्याने बांधलं आणि थंड होईपर्यंत उघडू नका असं बजावून निघून गेले. मानकऱ्यांनी डबा उघडला तेव्हा आत दगड होता.

"गावाला काय सांगू, साहेब? माझ्या हातानं देवी दिली असं सांगू? मला दुसरं काही सुचलंच नाही. बाबा गावात नव्हते, त्यांच्यावर गेलं ते."

निनावी फोन त्यांच्या मेव्हण्याचा होता. तोही त्यांनीच करायला लावला होता.

त्यांचा पुरवणी जबाब घेतला, दोघांचं वर्णन घेतलं, गुन्ह्यात फसवणुकीचं कलम आलं. पुढचं काम महाडच्या एका सराफाने सोपं केलं. दोन अनोळखी माणसं चांदी आटवायला घेऊन आली, फडकं सोडलं तर आत देवीचा चेहरा. त्याने भट्टी बंद आहे, संध्याकाळी या, असं सांगून त्यांना वाटेला लावलं आणि महाडच्या पोलिसांना कळवलं. दोघे बसस्थानकामागच्या एका खाणावळीत जेवताना सापडले. रूप जसंच्या तसं त्यांच्या पिशवीत होतं.

न्यायालयाच्या आदेशाने रूप वाडीच्या ताब्यात दिलं तेव्हा मी देवळात हजर होतो. खोटी फिर्याद दिल्याबद्दलचा अहवाल मी आधीच वरिष्ठांकडे पाठवला होता, तो कायद्याचा भाग. पण वाडीचा राग वेगळा होता. मान काढून घ्या, पालखीला हात लावू देऊ नका, असं लोक बोलत होते. मानकरी खांबाला टेकून उभे होते.

बाबा उठले. "त्यानं चोरी केली नाय. देवी उजळावी म्हनून केलं, फसला, आन् लाजला. लाजंपायी माझ्यावर घातलं. मला वाईट वाटलं, नाय असं नाय. पण मान काढलात तर त्यो उद्या तोंड लपवून मुंबैला जाईल, आन् पालखीला एक खांदा कमी पडंल. खांदे हायेत का आपल्याकडं जास्तीचे?"

मान काढायचं बोलणं तिथंच थांबलं. अर्ध्या घरांची दारं बंद असलेल्या वाडीत पालखीचे खांदे मोजकेच उरले होते.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. लोभाने खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर शोधली, पण लाजेने खोटं बोलणारी त्याहून जास्त असतात आणि त्यांची चौकशी वेगळ्या हाताने करावी लागते. आणि एखाद्याने म्हातारपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तर तो त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हे, हेही शिकलो. आज कोणी खात्रीने संशय सांगितला की मी आधी विचारतो, तुम्ही त्या माणसाला जाऊन भेटलात का?

त्या दिवशी देवळातून निघताना मी म्हातारीला म्हणालो, "आई, तुमच्या सहलीत आम्ही मधेच येऊन बसलो. राग धरू नका."

ती म्हणाली, "राग कसला, साहेब? तुमी आला नसताव तर आमी हसत-खेळत घरी आलो असतो, आन् उंबऱ्यातच कळलं असतं की गावानं आमाला चोर ठरवलंय. तुमी तिकडं आलाव, म्हनून आमी घरी माणसासारखे आलो."

मी तिला वाकून नमस्कार केला. वर्दीत होतो, पण ते तेव्हा लक्षातही आलं नाही.