साहेबांनी खुशाली विचारली

आईच्या गालात आतून एक फोड आला, तो काही केल्या भरेना. ती मिश्री लावायची. त्या तंबाखूनंच तोंड पोळलं असेल म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. गाल बाहेरून सुजला तेव्हा गावातल्या शिंपी चाचांनी ओळखलं. त्यांची बायको छातीच्या गाठीनं गेली होती. तिला हैदराबादच्या डॉक्टरांनी सरतान, म्हणजे कर्करोग, सांगितला होता आणि फार उशीर केलात म्हणून परत धाडलं होतं.

तेव्हापासून चाचांनी एकच ध्यास घेतला होता. निजाम सरकारनं असल्या रोग्यांना वेळेत हैदराबादला न्यावं, तसा हुकूम जिल्ह्याला निघावा. शाळेचे मास्तर त्यांच्या जोडीला आले. दोघं लोहारा, सास्तूर करत पायी हिंडले. लोक म्हणायचे, देवीचा कोप हुकमानं जातो व्हय? त्या शहाण्यांचा मला अजून राग येतो.

शेवटी तालुकदारसाहेब, जिल्ह्याचे सगळ्यात मोठे हाकीम, दौऱ्यावर आले. आमराईत तंबू पडले. चाचांनी आईला पढवून ठेवलं, "भाभी, साहेबांनी इचारलं की तोंड उघडून दाखवा. बाकी म्या बघतो."

"व्हय," आई म्हणाली.

तंबूपुढं चाचांनी उर्दूत सगळं मांडलं. फार चांगलं बोलले. साहेबांनीही मन लावून ऐकलं. मग विचारलं, मरीज कुठं आहे? मी आईला पुढं केलं. इतक्या पुरुषांपुढं, त्यात साहेबांपुढं, तिनं पदर नाकाखाली ओढून घट्ट धरला होता.

साहेब मायेनं म्हणाले, "क्यों माँ, खैरियत?"

आई वाकली. "बरं हाय सरकार. तुमची मेहरबानी."

मी पदराला हात घातला, तिनं माझं मनगट दाबलं. चाचा काकुळतीनं म्हणाले, "हुजूर, ही अदबीनं बोलतीया." साहेब हसले. मरीज स्वतः बरी आहे म्हणते, तुम्ही कुणाची वकिली करता? मग पुढची माणसं आली. हुकूम काही निघाला नाही.

घरी मी आईवर तुटून पडले. ती शांतपणे म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसानं खुशाली पुसली. त्याच्यापुढं रडगाणं गावं व्हय?"

चाचा एका शब्दानं तिला बोलले नाहीत. गेले आणि मशीनवर बसले. पुन्हा ते कुठल्याच साहेबाकडं गेले नाहीत.

शेवटी शेवटी आईची वाचा गेली. गालाला भोक पडलं होतं, पाणी घातलं की तिथून गळायचं. भेटायला आलेलं माणूस रिवाजानं विचारायचं, कसं हाय? ती पदर सारखा करायची आणि हातानं खूण करायची, बरं हाय. तेवढी खूण तिला शेवटपर्यंत जमली.