पडद्यामागून नावं वाचणारे शालिकभाऊ

बातमी सांगणाऱ्यानं त्यांचं नाव घेतलं नाही. आमच्या सोनाळ्याचा रामधन कामाच्या शोधात इकडे भिलाईला आला, माझ्या खोलीत पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "डावखुऱ्या गेला बे किसना. छातीनंच गेला शेवटी." मी विचारलं, कोण डावखुऱ्या? तो कोणाबद्दल बोलतोय हे मला ठाऊक होतं, तरी विचारलं. "अबे, शालिक भोंगेवाला! दुसरा कोन डावखुऱ्या हाय आपल्या गावात?" ... शालिकभाऊ उजव्या हातानं जेवायचे, उजव्या हातात विडी धरायचे, भोंग्याचा माईकसुद्धा उजव्याच हातात. तरी गावानं त्यांना डावखुऱ्या म्हटलं, आणि मरणाची बातमीही त्याच नावानं माझ्या खोलीत आली. ते काही माझ्या मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो आहे. माझी शाळा चौथीत सुटली. कुठं वाक्य घसरलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आणि माझी माय अजून त्याच गावात राहते, तेवढं ध्यानात ठेवून माझ्यावर रागवावं.

आपलं राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. सुगी संपली की आमच्याकडे टुरिंग टाकीजचा तंबू पडायचा. शालिकभाऊ आमच्याच वस्तीतले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. वस्तीनं धम्म घेतला तेव्हा सभेत घोषणा त्यांनीच दिल्या होत्या, आणि तो आवाज ऐकून तंबूवाल्या शेठनं त्यांना टांग्यात बसवलं. टांग्याच्या दोन्ही बाजूंना पोस्टर, वर भोंगा, आत शालिकभाऊ. "माय-बहिणीहो, येताना रुमाल दोन आना, एकानं भागनार नाही!" भोंग्यावर प्रत्येक पिक्चर चांगला असायचा, कारण ते कामच होतं. पण टांगा सुटला की ते पुंडलिकच्या हाटेलात येत, बाकावर बसत आणि खरं काय ते सांगत. "हिरोईन रडते झकास, पन रडता रडता आरशात पाहून राह्यली असं वाटते." "हा बुढा हिरो कालेजात शिकते म्हने. वर्गात त्याचा नातू बसला असन मागच्या बाकावर." एका नावाजलेल्या डायरेक्टरबद्दल म्हणाले होते, "याले गरिबाचं घर दाखवाले सांगितलं की हा अंधार दाखवते. अबे, गरिबाच्या घरात दिवसा ऊन येत नाही काय?" काळे मास्तर, ज्यांनी पिक्चरवरची मासिकं वाचलेली असायची, ते चिडत. "शालिक, तुले कला समजत नाही." "हो मास्तर, मले फक्त पिक्चर समजते." सारं हाटेल हसायचं. मास्तरही हसायचे, जरा उशिरानं.

त्या बाकावर शालिकभाऊंना जागा होती, ही गोष्ट साधी नव्हती. आमच्या वस्तीतले बाकीचे सगळे बाहेर, निंबाखालच्या दगडांवर बसत आणि चहाही तिथंच घेत. शालिकभाऊ आले की बाकावरचे लोक सरकत. ती जागा त्यांना कोणी दया म्हणून दिलेली नव्हती, त्यांच्या बोलण्यानं मिळवलेली होती. मी दगडावरून ऐकायचो. शाळेत मला कोणी कधी विचारलं नव्हतं की तुला काय वाटतं. शालिकभाऊ बाहेर बघून विचारायचे, "काय बे किसना, तुले कसा वाटला?" मी आपला "बरा" म्हणून मोकळा व्हायचो. घरी जाताना मात्र मनात मोठमोठी मतं जुळवत जायचो.

आता तंबूतली बसण्याची तऱ्हा सांगतो, तिच्यावाचून पुढचं समजायचं नाही. पडदा तंबूच्या मधोमध असे. पुढच्या बाजूला खुर्च्या, सतरंज्या, गावची बायामाणसं. पडद्याच्या पाठीमागं आम्ही. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. मागचं तिकीट स्वस्त होतं आणि आमची माणसं तिकडूनच आत जात, आमचं आम्हालाही त्यात वेगळं वाटेनासं झालं होतं. कापड पातळ, त्यामुळे मागूनही चित्र दिसायचं, थोडं मंद. सुरुवातीला नावं यायची तेव्हा एक अक्षर ओळखू यायचं नाही. मी चौथी शिकलेला. मला वाटे, इंग्रजी असेल. शालिकभाऊंना शेठचा पास होता. ते पुढं बसत.

एका साली असा पिक्चर आला की त्यात हिरो भरल्या पंचायतीत मालगुजाराच्या कानफटात मारतो. सारा तंबू उठून उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी हाटेलात त्याच चपराकीवर चर्चा पेटली. मास्तर म्हणत होते, ती कमाल डायरेक्टरची, आवाज मागाहून भरलेला आहे. मला काय झालं कोणास ठाऊक... शालिकभाऊंनी विचारायच्या आतच मी दगडावरून बोललो, "त्यो हिरो डावखुरा हाय म्हनून ते चपराक तशी बसली. डाव्या हाताची येते कुठून ते समोरच्याले समजत नाही." माझं आयुष्यातलं पहिलं मत. सारं हाटेल हसून फुटलंच. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "डावखुरा? झोपला होता का बे?" दुसरा कोणी म्हणाला, "तिकीट तरी काढलं होतं, का कनातीखालून घुसला?" शेठ तिथंच भजे खात होते, त्यांनी मान वर केली. "तिकीट दाखव रे." तिकीट कोण सांभाळून ठेवतो? मी खिसे चाचपू लागलो. शेठनं हात पुसले. तेव्हा बाकावरून शालिकभाऊ म्हणाले, "डावखुराच हाय तो. म्या बी पाह्यलं."

हसणं थांबलं. मास्तर म्हणाले, "शालिक, शुद्धीवर आहेस ना?" "हाव मास्तर. डावा हात. पोट्ट्यानं बराबर पाह्यलं." मग ठरलं की आजच्या खेळाला सर्वांनी जाऊन बघायचं. तिकिटाचं सगळे विसरले.

त्या खेळाला मीही गेलो, माझ्या नेहमीच्या जागी. हिरोनं हात उचलला... डावाच! मी टाळ्या पिटल्या. त्याच क्षणी पडद्याच्या पलीकडून हशा उठला, "उजवा! उजवा!" मला खरंच वाटलं की पुढचे सगळे ठरवून खोटं बोलताहेत, शालिकभाऊंना हरवायचं म्हणून. कितीतरी वर्षं मी असंच धरून चाललो.

पुढं जे झालं ते एका दिवसात झालं नाही. टांगा निघाला की पोट्टे मागं धावत ओरडत, "शालिकभाऊ, डावा का उजवा?" ऐकणारे हसत. काही आठवडी बाजार असेच गेल्यावर शेठ म्हणाले, ज्याला हिरोचा हात समजत नाही त्याचा भोंगा कोण ऐकीन? टांग्यात मास्तरांचा पुतण्या बसला. हाटेलात शालिकभाऊंना कोणी ऊठ म्हटलं नाही. फक्त ते यायचे तेव्हा बाक भरलेला असायचा. दोन-तीनदा ते उभे राहिले, मग येईनासे झाले. जळगाव जामोदला सरकी काढायच्या एका जिनात त्यांनी काम धरलं. कापसाची धूळ छातीत बसते म्हणतात. त्यांच्या बसली.

पण तंबू लागला की ते यायचे, आणि आता आमच्याबरोबर पडद्यामागं बसायचे. वस्तीतल्या बायांना त्याचा केवढा आनंद. कारण पिक्चर सुरू होऊन ती अगम्य अक्षरं आली की शालिकभाऊ भोंग्यावरच्या आवाजात, पण हळू, नावं वाचून दाखवायचे. हिरोचं, हिरोईनचं, गाणी लिहिणाऱ्याचं, पार कपडे शिवणाऱ्याचंसुद्धा. "हा टेलर हो माय, यानं हिरोचा कोट शिवला." बाया म्हणत, "बाप्पा, टेलरचं बी नाव!" मला वाटे, किती इंग्रजी येते यांना! मला भिलाईला पाठवलं तेही त्यांनीच. इथल्या एका नातेवाइकाला निरोप धाडला, आणि शेगावच्या स्टेशनवर मला गाडीत बसवताना म्हणाले, "तिकडं पक्क्या टाकीज हायेत. खुर्चीत बसून पिक्चर पाय. अन् कसा वाटला ते मले सांग." मी खाल्लेल्या प्रत्येक घासाला त्या माणसाचं देणं लागतो, असं मला अजून वाटतं.

इथं आल्यावर दोनेक वर्षांनी तोच चपराकीचा पिक्चर पुन्हा लागला. मी पहिल्यांदा तो समोरून बघत होतो. नावं आली ती मला वाचता आली. इंग्रजी नव्हतंच, आपलीच अक्षरं होती. मग पंचायत आली, हिरोनं हात उचलला. उजवा. पुढचा पिक्चर मी पाहिला नाही, म्हणजे डोळे उघडे होते एवढंच.

रजेवर गेलो तेव्हा शालिकभाऊ घरापुढं खाटेवर बसले होते. दोन शब्द बोलले की थांबावं लागायचं. मी विचारलं, "भाऊ, तुमाले तवाच माहीत होतं न?" ते हसले. "पुढं बसत होतो बे म्या. आंधळा थोडीच होतो."

"मंग सांगितलं काऊन नाही? एका वाक्याचं काम होतं."

"काय सांगतो?... हा पडद्यामागं बसते, याले उलटं दिसते, असं? हाटेल हासलं असतं, ते जाऊ दे. पन ते वस्तीत गेलं असतं." थांबून त्यांनी श्वास घेतला. "तुही माय, माही बहीन... सालातून एकदा पिक्चर पाहातेत. त्यायले वाटते, साऱ्या गावानं पाह्यला तोच आपुन पाह्यला. त्यायले कोन्या तोंडानं सांगू, का तुमाले आजवर उलटा दाखवला?... एकट्यावर हासले, बरं झालं. तू बी सांगू नको."

मी सांगितलं नाही. ते होते तोवर नाही. पण मनातलं कडूपण तेव्हापासून आहे ते आहेच. हाटेलातल्या त्या माणसांना कॅमेरा कुठं ठेवला ते समजायचं, उजेड कोणत्या बाजूनं पाडला ते समजायचं. आम्ही कुठं बसतो हेही त्यांना माहीत होतं. तिथून काय दिसतं, हे मात्र त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं आणि शालिकभाऊ आजही टांग्यातून ओरडत फिरले असते.

रामधननं बातमी आणली तेव्हा सुटी मिळाली नाही. मिळाली तेव्हा गेलो. हाटेलात माझी पँट-बुशकोट बघून बाकावरच्यांनी सरकून जागा केली. तीच जागा. "बस ना किसन," मास्तर म्हणाले. "शालिक माणूस चांगला होता रे. पिक्चरची समज मात्र बेताचीच." मी उभ्यानंच चहा घेतला. उत्तर ओठांवर आलं होतं, पण शालिकभाऊंना दिलेला शब्द आडवा आला. कप ठेवून निघालो.

घरी माय तुरीची डाळ निवडत बसली होती. तिच्याजवळ मात्र मला राहवलं नाही. चाचरत चाचरत सगळं सांगितलं... पडदा, हात, उलटी अक्षरं. तिनं सुपातून मान वर केली नाही. "हे तू आता सांगून राह्यला? आमाले पयल्या सालापासून ठावं हाय. पिक्चरमंधल्या साऱ्या बायायच्या नथा उजव्या नाकात. मुंबईच्या असो का डोंगरातल्या. साऱ्या जगातल्या बाया उलट्या नथा घालतीन काय बे?"

"मंग शालिकभाऊले बोलली काऊन नाही?"

"कशाले बोलू? तो किती हौसेनं नावं वाचे." तिनं एक खडा काढून टाकला. "आमाले माहीत हाय असं त्याले समजलं असतं, त तो मागं बसला असता काय?"

म्हणजे ते आम्हाला जपत होते, आणि बाया त्यांना. दोन्हीकडून जपणं चाललं होतं, आणि त्यात त्यांचा बाक गेला, भोंगा गेला, छाती गेली. ज्यांना खरं माहीत असायला हवं होतं ते पुढं खुर्च्यांवर बसून होते. मायनंच मला सांगितलं की आता लिही, आमच्यापासून काय लपवायचं आहे. म्हणून हे लिहिलं. काळे मास्तरांच्या हाती हा अंक पडला तर त्यांनी एकदाच, फक्त नावं येईपर्यंत, पडद्यामागं जाऊन उभं राहावं. गेल्या सुगीत तंबू आला होता, माय सांगत होती. बाया गेल्या होत्या. नावं आली आणि कोणी काही बोललंच नाही.

इथल्या टाकीजमध्ये मी खुर्चीत बसतो. अक्षरं सरळ येतात. तरी पहिलं नाव आलं की माझे ओठ हलतात, आणि कधी कधी आवाजही निघतो. शेजारचा म्हणतो, "चुप बैठो भैया, सबको पढ़ना आता है." मी मान हलवतो, आणि कपडे शिवणाऱ्याचं नाव येईपर्यंत वाचत राहतो.