काजूची भट्टी आणि रापणीचा दोर

आमच्या कॉमर्सच्या प्राध्यापकांनी त्या वर्षी एक नवंच खूळ काढलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी चौघाचौघांचे गट करायचे, दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या कारखान्यात जाऊन राहायचं, मालकाची एक खरी अडचण सोडवायची आणि तिचा अहवाल लिहून आणायचा. साठचं दशक निम्मं सरलं होतं. पुस्तकाबाहेरचं काही परीक्षेला येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे अर्धा वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मी चिडलो होतो. माझ्या गटातल्या तिघा कोल्हापूरकरांनी मला न विचारता मालवणजवळचा एक काजूचा कारखाना ठरवून टाकला होता. त्यांना समुद्र बघायचा होता.

तो कारखाना माझ्याच गावात होता. आणि माझी आये तिथे काजू सोलायला जायची.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की माझं घर जवळच आहे आणि वडील होडीवर असतात. खोटं काही बोललो नाही. पण खरं लपवायला खोटं बोलावंच लागतं असं थोडंच आहे?

पहिल्या दिवशी शेठ आम्हाला कारखाना दाखवायला घेऊन गेले. ते सावंतवाडीकडचे बागायतदार, स्वभावाने तापट, पण कामात चोख. लांबलचक छपराखाली चाळीसेक बायका गोणपाटावर रांगा करून बसल्या होत्या. काजूच्या कवचातल्या तेलाने बोटं भाजू नयेत म्हणून हातांना राख चोळलेली. दुसऱ्या रांगेत आये होती. तिने वर बघितलं, मी पँट घालून शेठबरोबर उभा आहे हे पाहिलं आणि मान खाली घालून पुढचा काजू उचलला. ओळख दाखवायची नाही, हे तिचं तिनेच ठरवलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. घरी गेल्यावर तिने, तुझे दोस्त मासे खातात का, एवढंच विचारलं.

शेठची अडचण अशी होती. भाजलेला काजू फोडला की आतला गर भट्टीत सुकवतात. भट्टीतून काढल्यावर गरम असेपर्यंतच त्याची लाल साल चिमटीने सुटते. तसाच पडून राहिला तर समुद्राची दमट हवा लागून साल चिकटते आणि सोलताना काजूचे तुकडे होतात. तुकड्याला भाव नाही. आणि नेमकी भट्टीतून ताटं बाहेर आली, की आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्या बायका उठून निघून जात.

"का जातात?" आमच्या पुढाऱ्याने विचारलं. गटातला सगळ्यात हुशार तो. गूळबाजारातल्या व्यापाऱ्याचा मुलगा.

"रापण ओढायला," शेठ म्हणाले. "मासळी फुकट मिळते ना. हावरटपणा, दुसरं काय."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत नेतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि सगळा गाव ते ओढतो. जाळं वाळूला टेकण्याआधी ज्या घराचा हात दोराला लागला, त्या घराला वाटा. ज्या घराचा लागला नाही, त्याला वाटा तर नाहीच, वर चार माणसं विचारणार, तुमच्यात मेलाबिला काय कोण? हे फुकट नव्हतं आणि हावरटपणा तर मुळीच नव्हता. मला ते आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. पण बायकांची बाजू घेतली असती तर बोलणं फिरून माझ्या घरावर आलं असतं, म्हणून मी तोंडात गुळणी धरून बसलो.

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही हजेरीचे तक्ते आखले. लाल शाई, निळी शाई, तिथी, वार. शेवटी पुढाऱ्याने उपाय काढला. मध्येच उठणाऱ्या बाईला दंड, आणि महिनाभर न उठणाऱ्या बाईला स्टीलचा डबा बक्षीस. त्याचा सुवाच्य मसुदा मी लिहिला. ज्याचा बाप रापणीच्या होडीवर, त्याच मुलाने दोराला हात लावण्यावर दंड लिहिला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण इतकी माझ्याच मातीतली चूक दुसरी नाही.

दंड लागू झाल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी भट्टी उघडली आणि तेवढ्यात किनाऱ्यावरून हाळी आली, "दोर इलो रे." चाळीसच्या चाळीस बायका उठल्या. डबा मिळेल असं आम्हाला जिच्याबद्दल वाटलं होतं, ती सगळ्यात पुढे. आये माझ्या अंगावरून गेली. या वेळी तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, याचा मला जास्त त्रास झाला.

त्या ताटांतल्या काजूचा भुगा झाला. शेठ थंड आवाजात म्हणाले, "तुमचा अहवाल चुलीत घाला. मी दिवाळीनंतर बाहेरून कामगार आणतोय. या गावच्या एकाही बाईला उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

संध्याकाळी आये चुलीपुढे बांगडे साफ करत होती. मी तिच्यावरच घसरलो. "आये, अर्धो तास थांबला असता तर काय झाला असता? आता सगळ्यांचीच कामा जातली."

"दोर थांबता काय कोणासाठी?" ती म्हणाली. "सकाळी पाण्यार पाखरा बसलली बगलंय, तेवाच माका समाजला आज रापण घालतले म्हणान."

"सकाळीच समाजला? मगे सांगूक नाय ता?"

"कोणाक सांगू? माका कोणी इचारल्यान?" तिने हातातला बांगडा बाजूला ठेवला. "इतके दिस तुमी कागद रंगवलात. आमच्यातल्या एकीक तरी इचारलात? तू घरात रवतंस, तू तरी इचारलंस?"

आये देवबागची. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधल्या वाळूच्या पट्टीवर वाढलेली. तिचे वडील तिथले रापणकार, रापण कधी घालायची ते ठरवणारे. ती पाणी बघायची तसा मी तक्ता कधी बघितला नाही.

मग तिने स्वतःच सांगितलं. फोडायचं काम केव्हाही सोडता येतं, सोलायचं नाही. ज्या दिवशी रापणीची चिन्हं असतील त्या दिवशी दिवसभर काजू फोडायचे आणि भट्टी संध्याकाळी लावायची. ताटं सकाळी, रापणीच्या वेळेआधी, गरम बाहेर येतील, तेव्हा सगळ्या बायका जागेवर असतील. एवढंच. आम्ही दहा-बारा दिवस शाई फासत होतो ते याच्यासाठी.

सकाळी मी तिला घेऊन शेठच्या खोलीत गेलो. तिघेही तिथे बसलेले होते. मी म्हटलं, "शेठ, ही माझी आई. तुमच्या दुसऱ्या रांगेत बसते. उपाय हिच्याकडे आहे."

पुढारी माझ्याकडे बघतच राहिला. मग तो उठला आणि स्वतःची खुर्ची त्याने आयेला दिली. ती बसली नाही, पण त्या एका गोष्टीसाठी मी त्याचे पुढचे सगळे आगाऊपणे माफ केले.

शेठनी ऐकून घेतलं. "आणि रापण इली नाय तर?"

"तर त्या दिवशी फोडूचा काम जास्त होतला," आये म्हणाली. "ता काय वाया जाता?"

शेठनी टेबलावरची हजेरीवही मिटली. मग म्हणाले, "एकदा बघू. एकदाच."

दोन दिवस तिने भट्टी नेहमीसारखी सकाळी लावायला सांगितलं. दोन्ही दिवस बायका जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे ती किनाऱ्यावर जाऊन आली आणि भट्टीवाल्याला म्हणाली, "आज नको."

समुद्र तर तेलासारखा सपाट. दहा वाजले, अकरा वाजले. विझलेल्या भट्टीपुढे शेठ येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक फेरीला माझ्याकडे बघत होते. आये खाली मान घालून फोडत होती. जेवणाची वेळ झाली तरी हाळी नाही. मी मनातल्या मनात रवळनाथाला नारळ बोलून टाकला. एकाचे दोन केले.

साडेबाराला हाळी आली.

बायका उठल्या, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही चौघंही धावलो. आता थांबण्यात अर्थच नव्हता. आयेने मला आपल्या पुढे दोराला लावलं. टाचा वाळूत रोवायच्या आणि पाठीने मागे रेलायचं, मी लहानपणापासून करत आलो होतो. कोल्हापूरकरांच्या तळव्यांची सालं निघाली, पण एकाने दोर सोडला नाही. थोड्या वेळाने बघतो तर दुसऱ्या दोराच्या टोकाला धोतर खोचून शेठ. म्हणे बघायला आले होते. पण किनाऱ्यावर दोराजवळ नुसतं बघत कोणी उभा राहत नाही, त्याच्या हातात दोर देतात.

जाळं तारली आणि बांगड्यांनी भरून आलं. रापणकाराने वाटे घातले तेव्हा चार नवे वाटे पडले. आमचा पुढारी शाकाहारी. तो दोन्ही हातांत शेपटीने बांगडे धरून, आपल्याला विद्यापीठाचं पदक मिळाल्यासारखा उभा होता.

संध्याकाळी भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम ताटं बाहेर आली, चाळीस बायका बसल्या आणि साली सुटायला लागल्या. मी आयेच्या शेजारी गोणपाटावर बसलो, सगळ्यांच्या देखत. एकामागून एक अख्खा, पांढरा काजू टोपलीत पडत होता. शेठ टोपल्यांमधून हात फिरवत शेवटपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "बाहेरची माणसा नको. कळवतंय तसा." बायकांनी माना वर केल्या नाहीत, पण सगळ्या छपरात एकदम बोलणं सुरू झालं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

आमचा अहवाल वर्गात पहिला आला. प्राध्यापकांनी विचारलं, "हा उपाय शोधायला किती दिवस लागले?" पुढारी म्हणाला, "तीन आठवडे, सर. पहिल्याच दिवशी याच्या आईला विचारलं असतं, तर एक दिवस."

परीक्षा देऊन मी मे महिन्यात घरी आलो. पहिल्याच सकाळी जाग आली तर आये पदर खोचून दारात उभी. तिने समुद्राकडे एकदा नीट बघून घेतलं.

"इतक्या सकाळी खंय चललंस गो?" मी विचारलं.

"भट्टीवाल्याक सांगूक." ती पायरी उतरली. "थांबवू नको माका. कारखानो माझी वाट बगता."