भिंतीवरच्या नऊ खुणा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नागपूरच्या आमच्या सरकारी कचेरीत तीन कॉम्प्युटर आले. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, कारण तीन वर्षांत तीन साहेब बदलले आणि प्रत्येकाला अक्कल होती. तिन्हींची ऑपरेटिंग सिस्टिम निराळी, एकीचं दुसरीशी पटेल तर शपथ! मुंबईला निरोप धाडायची टेलिफोनची लाइन मात्र एकच. म्हणून निरोपांची रांग लागायची, आणि रांगेत कोणाला पुढं घ्यायचं यासाठी तीन पर्याय होते: तातडीचा, साधा आणि सवडीचा.

कोणता पर्याय कोणत्या सिस्टिमवर चालतो, याचा तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं इंग्रजी बरं होतं, एवढाच माझा गुन्हा. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत गेलो, नव्या मशीनवर तिन्ही पर्याय चालवून पाहिले, तिन्ही चालले, तशा खुणा केल्या. बाकीचे सहा रकाने कोरे ठेवून साहेबांपुढं उभा राहिलो.

"कोरे रकाने? मी वर काय तोंड दाखवू?" साहेब म्हणाले.

घ्या! साहेबांच्या तोंडासाठी मी बसल्या जागी सहा खुणा ठोकल्या. शितावरून भाताची परीक्षा; हंड्या तीन होत्या, हे कोण बघतं? तक्ता भिंतीवर लागला आणि साहेबांनी खूश होऊन मला तर्री-पोहे खाऊ घातले.

आमच्याकडे पारशिवनीचा एक ऑपरेटर होता. त्याची आई धंतोलीत दवाखान्यात, तिला याच्याशिवाय कोणी नाही, आणि याची बदली निघाली थेट राज्याच्या टोकाला, सिरोंच्याला. बदली थांबवायचा अर्ज त्याच दिवशी पाचच्या आत मुंबईला पोचायला हवा होता. त्यानं तक्त्यावर बोट ठेवून खूण पाहिली आणि दुपारी दोनला, रिकाम्या असलेल्या सर्वांत जुन्या मशीनवरून, अर्ज 'तातडीचा' म्हणून सोडला.

त्या जुन्या सिस्टिमला तातडी हा प्रकारच ठाऊक नव्हता. तिनं कुरकुर केली नाही. अर्ज निमूटपणे रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला, साहेबांच्या पंखे-खुर्च्यांच्या यादीमागं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला.

"काहून झालं जी असं? तक्त्यात तं खूण होती," तो मला विचारत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं सांगायची हिंमत झाली नाही.

मागाहून सुचलेलं शहाणपण म्हणून दोन दिवस बसून सगळं तपासलं. सहापैकी चार खुणा खोट्या निघाल्या. सिरोंच्यालाही तसलंच जुनं मशीन होतं, म्हणून दुरुस्त तक्ता घेऊन मी बसस्टँडवर धावलो. तो आईला बसच्या खिडकीशी बसवत होता. उपचार अर्धे सोडून तिला सोबत नेत होता.

"त्या खुणा मीच केल्या होत्या, न बघता," मी एकदाचं सांगून टाकलं.

त्यानं तक्ता पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"राहू द्या जी. जे तातडीचं होतं, ते तं होऊन गेलं."