पितळेचा तुकडा

पितळ कापलं की बोटांना एक वास लागतो. तो आला की मला दादांची, म्हणजे वडिलांची, पिठाची गिरणी आठवते. शाफ्टवर पुली घट्ट धरून ठेवायला डोकं नसलेला छोटा सेट स्क्रू असतो. दादा त्याच्याखाली हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा टाकायचे. मी तेव्हा जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये नुकता फिटर झालो होतो. सुट्टीत कुंभार पिंपळगावला आलो आणि गिरणीचा स्क्रू काढला, तर आतून तो तुकडा पडला. "दादा, हे काय टाकून राह्यले तुम्ही?" असं म्हणत मी तो फेकला आणि मिलमधून आणलेला कडक पोलादी स्क्रू जोर लावून आवळला. पिठाचे हात पुसत ते एवढंच म्हणाले, "तू शिकून आल्ता, बराबरच असंल." वर्षभरानं बेअरिंग बदलायला पुली काढायची होती, पण स्क्रूनं शाफ्टवर खड्डा पाडून कडा उचलल्या होत्या आणि पुली तिथंच जाम झाली होती. पितळ मऊ, ते स्वतः दबायचं आणि शाफ्टला जपायचं, हे मला तेव्हा कळलं. दादा दुपारभर हातोडीनं ठोकत राहिले, शेवटी बिडाची पुली तडकली. दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायांना ते म्हणाले, "पुली लई जुनी झाल्ती, दुसरं काई न्हाई." मी शेजारीच उभा होतो. आता गिरणी नाही, दादाही नाहीत. शाफ्ट मात्र मी ठेवलाय. त्यावरून बोट फिरवलं की त्या खड्ड्यात माझं नख अजून अडकतं.