मोजून वाढणाऱ्या मावशी

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना सगळे ‘घ्याहो मावशी’ म्हणत. वीस वर्षं कारखान्याच्या खानावळीत जेवण वाढून त्यांचा हात इतका सैल झाला होता, की चमचा भरला की त्याचा डोंगर व्हायचा. “घ्या हो, लाजताय काय!” म्हणत नको नको म्हणणाऱ्याच्या ताटातही त्या ढकलायच्या. आणि अशा बाईची नेमणूक कुठे व्हावी? तर खाण्याचाच धसका घेऊन आठवडेच्या आठवडे धड न जेवलेल्या मुली जिथे दाखल होतात, त्या वॉर्डात! आता बोला.

पहिल्याच दिवशी आहारतज्ज्ञ ताईंनी त्यांच्या हाती वजनकाटा दिला. मावशींनी उकडलेला बटाटा अगदी साठ ग्रॅम तोलला, बशी काट्यावरून उचलली आणि वर आणखी चमचाभर बटाटा हळूच ठेवला.

“मावशी, हे काय?”

“अहो, हा वरचा. वरचा कधी मोजतात का?”

ताईंनी कपाळावर हात मारला. मग खुर्ची ओढून समजावून सांगितलं. उपाशी राहून शरीर आतून रितं झालेलं असतं. त्यात एकदम अन्न पडलं, की रक्तातले क्षार पेशींमध्ये ओढले जातात, रक्तात कमी पडतात आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. म्हणून आधी जीवनसत्त्वाची गोळी, मग मोजकं जेवण, रोज रक्ततपासणी, आणि मगच जिन्याच्या एकेका पायरीने वाढ. मावशींनी वरचा चमचाभर बटाटा परत पातेल्यात टाकला. आपल्या मायेने कुणाचा जीव जाऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खिडकीजवळच्या खाटेवर सतरा वर्षांची एक मुलगी होती. मनगटं काडीसारखी, तोंडाला कुलूप. मोजलेले चार घास खायला तिला तास लागायचा. चौथ्या दिवशी मात्र ती वडिलांना म्हणाली, “बाबा, आज खावंसं वाटतंय.”

वडील शिंपी. दुकान तसंच उघडं टाकून घरी धावले आणि भला मोठा डबा घेऊन आले. झाकण निघायच्या आत मावशींनी डबा उचलला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर चक्क बसल्या.

“उठा आधी!” वडील ओरडले. “सहा महिन्यांनी पोरीने तोंड उघडलंय. पुन्हा मागितलंच नाही तर?”

मावशींनाही तीच भीती होती. पण त्या हलल्या नाहीत.

“दादा, आज हे सगळं पोटात गेलं तर हृदयाला झेपणार नाही तिच्या. मलाही पटत नव्हतं हो!” मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “तुला मिळणार बाळा. उद्या आजच्यापेक्षा जास्त. मी स्वतः आणणार.”

मुलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. मावशींना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी रक्ताचा अहवाल आला. एवढ्याशा जेवणावरही रक्तातला फॉस्फेट हा क्षार घसरला होता. डॉक्टरांनी लगेच सलाइनमधून क्षार सुरू केले आणि जेवण दोन दिवस आहे तेवढंच ठेवलं. वडिलांनी अहवाल दोनदा वाचून घेतला, डबा पिशवीत घातला आणि मावशींना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मावशी कालचीच बशी घेऊन आल्या. शब्द मोडल्याचं त्यांनी सरळ कबूल केलं आणि कानही धरले. मुलीने त्यांच्याकडे न बघता बशी संपवली. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग अहवाल सुधारला आणि वीस ग्रॅम वाढले. मुलीने ते दहा मिनिटांत संपवलं आणि बशी पुढे केली.

“संपलं गं आजचं.”

“एवढंच?” मुलीने चमचा ताडकन आपटला. “कसल्या कंजूष आहात हो तुम्ही! काटा फेकून द्या तो!”

मावशी पदराने डोळे पुसत परिचारिकेच्या टेबलाकडे पळाल्या.

“सिस्टर, जेवणाची नोंदवही काढा! पोरगी माझ्याशी भांडली! जेवणावरून!”

“अहो मावशी, भांडणाला रकाना नाहीये यात.”

“मग आखा की!” मावशी म्हणाल्या.