ताजा कलमासकट

भर देवळात, सत्तर माणसांसमोर, मी एका म्हातारीचं पत्र परस्पर सुधारलं. ते तिनं लढाईवर गेलेल्या नवऱ्याला लिहिलेलं होतं, आणि ती पहिल्या रांगेत बसली होती.

एवढी अक्कल असलेल्या माणसाला गायला बसवायचं धाडस साऱ्या गोव्यात एकच माणूस करू जाणे: आमचे डिचोलीचे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म त्यांनी खाणीचा ट्रक चालवला. लाल धूळ खाऊन खाऊन आवाजाचं पार खोबरं झालं, पण बोटं पेटीवर पडली की ट्रक चालवणारी हीच का ती बोटं, असं वाटावं. लोक अभंगांना चाली लावतात, नाटकातल्या पदांना लावतात. भावजी फौजेतल्या पत्रांना लावतात. पेडणे-डिचोलीपासून पार सावंतवाडीपर्यंत ज्या घरातलं कोणी लढाईवर गेलं होतं, त्या घराच्या अंगणात त्यांची स्कूटर एकदा तरी उभी राहिलेली आहे. चहा प्यायचा, म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायचं, पत्र वहीत उतरून घ्यायचं आणि मूळ कागद डोक्याला लावून परत द्यायचा.

नियम एकच, पत्रातला शब्द गाळायचा नाही. ‘पत्र पोचले’ विलंबितात, ‘लहानांस आशीर्वाद’ झपतालात, आणि ताजा कलम द्रुतात. बहीण म्हणते, “आता किराणाची यादी दिली तरी हे आधी मात्रा मोजतात.” एका जवानाच्या पत्रातल्या दोन ओळी वरच्या साहेबानं काळ्या शाईनं खोडल्या होत्या. भावजींनी त्यांचीही चाल केली! तिथं गाणारा गप्प, पेटी गप्प, नुसतं मातीचं घुमट वाजत राहायचं. घुमटवाला वैतागला, “भावजी, हांगा शब्दूच ना. हांवें कितलें वाजोवचें?”

“जितलें ताका सांगूंक दिलें ना, तितलें,” भावजी म्हणाले. जवानाला जेवढं सांगू दिलं नव्हतं, तेवढं वाजवायचं! त्या दिवसापासून घुमटवाल्यानं प्रश्न विचारणं सोडलं.

तर ही म्हातारी पेडण्याची. एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा गेला. मागाहून त्याची ट्रंक आली, आणि ट्रंकेत हिनंच त्याला लिहिलेलं पत्र. त्याचं हिला आलेलं शेवटचं पत्रही तिच्याकडे होतं, पण ते तिनं आजवर कोणाला दाखवलं नव्हतं, पोटच्या मुलीलासुद्धा नाही. भावजी दोन वर्षं त्या घरी खेपा घालत होते. शेवटी ती म्हणाली, “पयलां माजां गावन दाखया. मगे त्येच्या पत्राचां बघूया.”

म्हणजे सगळं माझ्या गळ्यावर आलं. तिच्या पत्रात नमस्कार-चमत्कारानंतर लगेच होतं, ‘कोंबडी खुडूक बसली आहे, खाली अकरा अंडी ठेवली आहेत. तुम्ही येईपर्यंत पिल्ले हातभर होतील.’ तालमीत मी ते मुकाट्यानं गायलो. पण त्या संध्याकाळी मंडपात आलो तर मखराच्या बाजूला तिरंगा, खुर्चीवर निवृत्त सुभेदार, आणि मला वाटलं, अशा प्रसंगी कोंबडी? लोक हसतील. (मला, असं म्हणायचं होतं.) ऐनवेळी मी कोंबडी अंड्यांसकट उडवली आणि तिच्या जागी ‘मातृभूमीचे रक्षण करावे’ बसवलं. मात्रांत चपखल बसलं. टाळ्या पडल्या. मी मान तुकवली.

म्हातारी उभी राहिली.

“ह्यां माजां न्हय! माजी कोंबडी खंय गेली?”

तिनं काठी उचलली, मुलीला म्हणाली, “चल.” भावजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त “सरक” म्हणाले, आणि आपल्या त्या फाटक्या आवाजात पत्र पहिल्यापासून सुरू केलं. वरचा सूर लागेना, तिथं नुसतं बोलल्यासारखं म्हटलं. ती पायरीवर थांबली. कोंबडी आली तशी मागं कोणीतरी खुदकन हसलं. मग ‘तुम्ही येईपर्यंत’ आलं, आणि हसणारा गप्प झाला. सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हातारीचे ओठ हलत होते. पत्र तिला सबंध पाठ होतं. एवढी वर्षं मी ज्या आवाजाची चेष्टा करत आलो, तो माझ्या घरचा आहे याचा मला तेव्हा असा अभिमान वाटला, की शेजारून गळा काढून साथ द्यावी. सुदैवानं नाही दिली.

पत्र ताजा कलमासकट संपलं. म्हातारी सावकाश पुढं आली. चोळीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला आणि भावजींच्या पेटीवर ठेवला. त्याच्या घड्या इतक्या झिजल्या होत्या की भावजींनी तो उघडायला दोन्ही हात लावले.

“ह्यां तुमी गावा,” ती म्हणाली. “तुमचो आवाज फुटको, पण चोर न्हय. आनी ह्या तुमच्या मेवण्याच्या हातात टाळ द्या. तोंड बंद ठेवन वाजवता येतत.”